नव्या हायब्रिडला स्टेपनी नाही: किटवर भागेल, बारीक चाक घ्यावं की पूर्ण?

निकाल आधी सांगतो, कारणं नंतर. गाडी बाळ्यापासून जुळे सोलापूर आणि होटगी रोडपर्यंतच फिरणार असेल, तर कंपनीने दिलेल्या पंक्चर दुरुस्तीच्या किटवर निभतं. फक्त त्यात ट्यूबलेस पंक्चर काढायच्या स्ट्रिपचा एक स्वस्त डबा जोडा. पण गावाकडे शेत असेल, वैराग-बार्शीकडे किंवा मंद्रूपच्या आतल्या रस्त्यांना जाणं होत असेल, विजापूरहून रात्री परतणं होत असेल, तर पूर्ण मापाचं पाचवं चाक घ्या आणि ते रोज डिकीत वागवू नका. या दोन्हींच्या मधला पर्याय, म्हणजे बारीक तात्पुरतं चाक, मला आपल्याकडे सगळ्यांत कमी कामाचं वाटतं. शोरूमवाले आणि यूट्यूबवाले नेमकं तेच सुचवतात, म्हणून त्याबद्दल खाली जरा सविस्तर.

स्टेपनी गेली कुठे?

कंपनीने फसवलं असं वाटतं, पण ते कायद्याला धरून आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायरची हवा दाखवणारी यंत्रणा असेल आणि दुरुस्तीचं किट दिलं असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी बसते. बारा व्होल्टची साधी बॅटरीही काही गाड्यांत मागेच असते. चाकाचा खड्डा असायचा तिथे आता वायर, फोम आणि किटची पिशवी. सगळ्याच हायब्रिड अशा नसतात, त्यामुळे बुकिंगआधी डिकीचा तळ स्वतः उचलून बघा. ब्रोशरमधल्या "टायर किट" या दोन शब्दांवरून डोळा सहज घसरतो.

कंपनीचं किट आणि स्ट्रिप

किटमध्ये हवा भरायचा एक छोटा कंप्रेसर आणि भोक बुजवणाऱ्या औषधाची (सीलंटची) बाटली असते. औषध व्हॉल्व्हमधून आत जातं, हवा भरायची, मग हळू गाडी चालवायची म्हणजे ते आतून पसरून भोक बुजवतं. खिळा, स्क्रू, बाभळीचा जाड काटा, असं रस्त्याला टेकणाऱ्या भागात साधारण चार ते सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर हे चालतं. त्यानंतर ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून जवळच्या टायरवाल्याकडे जायचं. औषध हा त्याच्यापर्यंत पोचायचा उपाय आहे, दुरुस्ती नव्हे.

गोम पुढे आहे. औषध टाकलेलं टायर उघडलं की आत सगळा चिकट लगदा. काही पंक्चरवाले ते धुवायला कुरकुरतात, काही सरळ नाही म्हणतात. हवा मोजणारा सेन्सर चाकात असेल तर त्यालाही औषध लागू शकतं. बाटली एकदाच वापरायची आणि तिच्यावर मुदत छापलेली असते, बहुधा चार-पाच वर्षांची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीच्या वर, मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय होत असेल ते बघा. सेकंडहँड हायब्रिड घेताना तर ही तारीख पहिल्यांदा वाचा.

म्हणून माझं मत असं: कंप्रेसर सोन्यासारखा जपा, बाटली शेवटचा उपाय म्हणून ठेवा. मधल्या जागी स्ट्रिप. रबरी स्ट्रिप, रीमर (भोक घासायची खरबरीत सळई), सुई आणि पकड असा डबा तीन-चारशे रुपयांत मिळतो. खिळा ओढा, भोक घासा, स्ट्रिप घाला, कंप्रेसरने हवा भरा. चाक काढायचीसुद्धा गरज नसते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या चाकावर हात पोचतो. मागच्या चाकाला थोडी कसरत आहे. पुस्तकाप्रमाणे पक्का इलाज म्हणजे टायर उतरवून आतून पॅच मारणं. आपल्याकडे स्ट्रिपवर टायर झिजेपर्यंत गाड्या पळतात हेही खरं, पण महामार्गावर शंभरने जाणार असाल तर पुस्तकाचं ऐका.

कंप्रेसर लावताना हायब्रिड चालू अवस्थेत, म्हणजे "रेडी" दिवा लागलेला ठेवा. नाहीतर बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि पंक्चरच्या जोडीला दुसरंच लचांड मागे लागतं.

खिळा आणि कट

सगळा निर्णय इथे फिरतो. शहरात टायर जातं ते खिळ्याने. सात रस्ता, विजापूर रोड, अक्कलकोट रोड एमआयडीसी, कुठेही असा, पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर असतो. पुणे रोडवर मोहोळ-टेंभुर्णीपर्यंत ढाब्यांच्या शेजारी टायरची दुकानं आहेत. हैदराबाद रोडला नळदुर्गपर्यंत फारशी अडचण नाही. तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट त्याहून थोडं कमी. तेवढ्यासाठी किट आणि स्ट्रिप पुरे.

महामार्ग सोडला की गोष्ट बदलते. डांबराची कड तुटलेली, साइडपट्टी वीतभर खाली, खडीचे टोकदार दगड. त्यात ऊस हंगामात समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की तुमचं चाक खाली उतरणारच. तिथे टायरला भोक पडत नाही, टायरची बाजू चिरते. बाजू चिरली की औषध काम करत नाही, स्ट्रिप धरत नाही, कंप्रेसर नुसता गुरगुरतो. खड्ड्यात अलॉय चाकाची कड वाकून हवा गेली तरी हीच गत.

अशा वेळी उरते ती रोडसाइड असिस्टन्स. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहे, विम्याबरोबर घेतलेली सेवा आहे. पण पुढची चाकं ओढणारी हायब्रिड पुढची चाकं रस्त्यावर टेकवून ओढून न्यायची नसते. चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होतं. म्हणजे साधी टोइंगची दोरी किंवा ट्रॅक्टर नको, पुढची चाकं उचलून नेणारी गाडी किंवा पूर्ण गाडी वर चढवणारा फ्लॅटबेडच लागतो. रात्री दहा वाजता वैरागच्या पुढे फ्लॅटबेड किती वेळात येईल याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय आल्यावर त्याच मापाचं टायर सकाळी सोलापुरात शोधायचं ते वेगळंच.

कटवर इलाज एकच, दुसरं चाक. आता कुठलं, एवढाच प्रश्न.

बारीक चाक: कागदावर छान

हलकं, कमी जागेचं, आणि परदेशी व्हिडिओंत सगळे हेच घेतात. यात हवा साधारण ६० पीएसआय भरावी लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट. वेग ८० च्या आत, अंतर थोडकंच. खराब रस्त्यावर ते उड्या मारतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबतो. आपल्याला ज्या रस्त्यासाठी स्टेपनी हवी आहे, तिथेच ते सगळ्यांत कच्चं.

दुसरी अडचण व्यासाची. ते मूळ चाकापेक्षा लहान असेल आणि इंजिन-मोटरची ताकद जाणाऱ्या पुढच्या चाकाला लावलं, तर दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरवर, सतत ताण येतो. म्हणून पुढचं चाक गेलं तर आधी मागचं चांगलं चाक पुढे आणायचं आणि बारीक चाक मागे लावायचं. म्हणजे अंधारात दोनदा जॅक. हे सल्ला देणारे सांगत नाहीत.

तिसरी अडचण सामानाची. बारीक चाक गाडीला लागलं, मग काढलेलं मोठं चाक कुठे ठेवणार? डिकीत आधीच चार बॅगा, वर शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पार्सलं. चिखलाने माखलेलं चाक मग मागच्या सीटवर, मुलांच्या मांडीला मांडी लावून. पूर्ण मापाच्या स्टेपनीत हा प्रश्नच येत नाही. ती निघाली त्या जागी पंक्चर झालेलं चाक जातं.

बारीक चाक तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी कंपनीच्या पार्टमध्ये मिळत असेल आणि तळात त्याची जागा असेल, तर हरकत नाही, घ्या. बाजारातून दुसऱ्या गाडीचं आणून बसवू नका.

पूर्ण चाक: स्वस्तात कसं जमवायचं

पाचवं अलॉय कंपनीकडून मागवलं तर किंमत ऐकून आपण हात जोडतो. पण स्टेपनीला अलॉय कशाला? लोखंडी डिस्क, म्हणजे टायर चढवायचं साधं लोखंडी रिम, घ्या. खड्ड्यात वाकली तर हातोड्याने सरळ होते, अलॉय तडकतं.

इथे थोडं गणित करा. समजा तुमच्या गाडीला २१५/६० आर १७ टायर आहे. टायरची उंची २१५ च्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. वर-खाली दोनदा धरून २५८, आणि १७ इंची रिमचे ४३२. एकूण व्यास ६९० च्या आसपास. आता २१५/६५ आर १६ धरा: उंची १४० च्या जवळ, दोनदा धरून २८० ला थोडी कमी, रिमचे ४०६, एकूण ६८६. फरक अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. झिजलेल्या आणि नव्या टायरमध्ये याहून जास्त फरक पडतो. म्हणजे याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला १६ इंची लोखंडी डिस्क येत असेल, तर तिच्यावर हे टायर चढवून तुम्हाला जवळजवळ तंतोतंत स्टेपनी मिळते. तेच २०५/६५ आर १६ घेतलं तर फरक अडीच टक्क्यांवर जातो. निभतं, पण असेल तर पहिलंच बरं.

डिस्क आणि टायर मिळून, टायरच्या ब्रँडप्रमाणे, दहा-बारा हजारांच्या घरात जमतं. डिस्क घेताना नटांच्या भोकांची संख्या आणि वर्तुळाचं माप, मधलं भोक आणि ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) हे सगळं जुळलं पाहिजे. जुन्या बाजारातली डिस्क चालेल, पण ती बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा, वाकडी असेल तर लगेच दिसतं. टायर मात्र जुनं घेऊ नका. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पडून राहिलेलं टायरही म्हातारं होतंच, आणि सोलापूरच्या उन्हात लवकर होतं.

या चाकात सेन्सर नसेल तर डॅशबोर्डवर हवेचा दिवा पेटलेला राहील. राहू द्या, त्याने गाडीचं काही बिघडत नाही.

ठेवायचं कुठे

पूर्ण चाकाचं वजन सहज सोळा-अठरा किलो भरतं. ते रोज डिकीत घेऊन हिंडायचं, मग हायब्रिड मायलेजसाठी घेतली कशाला? घरी जिन्याखाली, सावलीत, थोडी जास्त हवा भरून ठेवा. गावाला किंवा लांब निघताना डिकीत टाका, परत आल्यावर काढा. नेताना आडवं ठेवा आणि डिकीतल्या हुकांना पट्ट्याने आवळा. जोरात ब्रेक लागला तर सुटं चाक मागच्या सीटवर येऊन आदळतं. पट्ट्यासाठी डिकीच्या तळाला भोक पाडायचा विचारही करू नका, खाली काय आहे ते वर सांगितलंच. आणि बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असते, तिच्यासमोर चाक किंवा चादर टाकू नका. ती बुजली की बॅटरी तापते.

रन-फ्लॅट टायर हाही एक पर्याय म्हणून सांगितला जातो. हवा गेल्यावरही ते ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जातं. महाग, कडक, आणि त्या मापात सोलापुरात मिळेपर्यंत वाट बघावी लागेल. सोडून द्या.

जॅक

स्टेपनी नाही म्हणून कंपनीने बहुधा जॅक आणि पानाही दिलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. हायब्रिड बॅटरीमुळे जड असते, म्हणून जॅक टनाच्या मापाने बघून घ्या. लावायचा तो मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेतच. पंक्चरवाला घाईत ट्रॉली जॅक मधे सरकवतो, तिथे हात धरा त्याचा. खाली नारिंगी वायर दिसली तर ती उच्च विद्युतदाबाची आहे, तिला कशाचाही धक्का नको. चाक बदलण्याआधी गाडी पूर्ण बंद करा. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असं हायब्रिडमध्ये नसतं.

लोखंडी डिस्क घेतल्यावर दुकानातच ती एकदा गाडीच्या पुढच्या चाकाच्या जागी लावून घ्या. नट हाताने पूर्ण बसले पाहिजेत. काही गाड्यांत अलॉयचे नट लोखंडी डिस्कला बसत नाहीत, त्यांची बैठक वेगळी असते. तसं असेल तर वेगळे नट मागून घ्या आणि ते पान्याच्याच पिशवीत ठेवा. मग चाक हाताने पूर्ण फिरवा. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारी पकड) कुठे घासत नाही ना, ते कान देऊन ऐका. १६ इंची डिस्क १७ च्या जागी जाताना हीच एक गोष्ट अडते, आणि घासत असेल तर ती डिस्क तिथेच परत करा.