सिझेरियनसाठी २५ जी व्हिटाकर: पैसे जास्त, डोकेदुखी कमी

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानात नुसतं ‘पंचवीस नंबर स्पायनल’ (पाठीत भूल द्यायची २५ जी, म्हणजे गेज, सुई) मागितलं तर बहुधा क्विंके प्रकारचीच हातात पडते. केशरी हब (सुईच्या मागचा प्लास्टिकचा भाग) क्विंके आणि व्हिटाकर दोन्हीचा सारखाच, त्यामुळे पाकिटावर ‘पेन्सिल पॉइंट’ किंवा ‘व्हिटाकर’ लिहिलंय का ते बघूनच घ्या.

क्विंकेचं टोक धारदार, ते ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचं पटल) कापतं. व्हिटाकरचं टोक पेन्सिलीसारखं, छिद्र बाजूला. सीएसएफची (ड्युराच्या आतल्या द्रवाची) गळती कमी, म्हणून डोकेदुखीही कमी. बाळंतिणींना तिचा धोका मुळातच जास्त, त्यामुळे इथे कंजूषी नको.

वापरायला मात्र सवय लागते. टोक बोथट असल्याने त्वचेतून जोर लागतो. इंट्रोड्यूसर (आधी त्वचेत घालायची जाड, आखूड सुई) सोबत असलेलंच पाकीट घ्या. ड्युरा ओलांडताना ‘टक्’ छान जाणवतं. पण छिद्र टोकाच्या जरा मागे असतं. सीएसएफ दिसताच सुई जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर पुढे सरकवा, नाहीतर छिद्र अर्धं बाहेर राहून हेवी ब्युपिव्हाकेन (भुलीचं औषध) एपिड्युरलमध्ये (ड्युराबाहेरच्या जागेत) सांडतं आणि ब्लॉक (भूल) अर्धवट येतो. सिरिंज जोडताना हब घट्ट धरा.

२७ जी आणखी बारीक, पण हाडाला लागली की वाकते आणि सीएसएफ यायला वेळ लावते. रोजच्या कामाला २५ पुरे.

बसल्यावर वाढणारी, आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी तरीही एखादीला होईलच. सक्तीने झोपवून ठेवल्याने ती टळत नाही. दुखणं तीव्र असेल, गोळ्यांना दाद देत नसेल तर ब्लड पॅच, म्हणजे तिचंच रक्त एपिड्युरल जागेत सोडून गळती बुजवणं. ताप, झटका किंवा आडवं होऊनही न थांबणारं दुखणं असेल तर कारण वेगळं शोधा.