रस्त्यावर जखमी हरीण दिसलं, फोन आधी कुणाला? मराठवाड्यातल्या पर्यायांची तुलना

धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याच्या अलीकडे एप्रिलातल्या एका रात्री एक हरणी रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. मागचा एक पाय मोडून लोंबत होता, मान मात्र ताठ होती. मी गाडी बाजूला लावून उतरेपर्यंत पाच-सहा मोटारसायकली थांबल्या होत्या. दहा मिनिटांत पंचवीस-तीस माणसं गोळा झाली. कुणी टॉर्च मारत होतं, कुणी व्हिडिओ काढत होतं. एका म्हाताऱ्या बाबांनी कळवळून तिच्या तोंडात बाटलीने पाणी ओतलं. मी आधी ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला, ते परगावी होते. मग एका सर्पमित्राला लावला, मग पोलिसांना, आणि वन विभागाला सगळ्यात शेवटी. वनरक्षक पोचला तेव्हा हरणी गेलेली होती. तिला हात लावून तो एवढंच म्हणाला, "पायाने नाही मेली, भ्यायली."

त्या रात्री माझ्याकडे चार पर्याय होते आणि चारही उपयोगाचे होते. चुकला तो क्रम. म्हणून हा आढावा, कुणावर अशी वेळ आली तर निर्णय पहिल्या दोन मिनिटांत घेता यावा यासाठी.

१९२६ की तालुक्याचा वनरक्षक?

१९२६ हा राज्याच्या वन विभागाचा टोल फ्री क्रमांक. काळवीट, मोर, कोल्हा, लांडगा, घोरपड, घुबड, रस्त्यावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक रानटी जीव वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतो, आणि त्याला पकडण्याचा, हलवण्याचा, उपचाराला नेण्याचा अधिकार मुळात वन विभागाचा आहे. कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता ठरतो, आणि असा प्राणी ज्याच्या ताब्यात येतो त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. गाडीखाली आलेला ससा पिशवीत घालून घरी नेणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. उलट, "फोन केला तर आपल्यावरच केस होईल" या भीतीने निघून जाणारेही मी पाहिलेत. फोन केल्याने तुमची अडचण वाढत नाही, न सांगता प्राणी ताब्यात ठेवल्याने वाढते.

१९२६ ची जमेची बाजू म्हणजे नोंद. तक्रार कागदावर येते, ती खाली कळवली जाते, आणि पुढे पशुवैद्याने "फॉरेस्टला कळवलंय का?" विचारलं की तुमच्याकडे उत्तर असतं. तोटा असा की फोन उचलणारा दूर बसलेला असतो. त्याला आपलं परांडा, आपलं घनसावंगी कुठे आहे हे ठाऊक असेलच असं नाही. म्हणून जिल्हा, तालुका, जवळचं गाव, कुठून कुठे जाणारा रस्ता आणि किलोमीटरचा दगड, याच क्रमाने सांगावं. प्राणी कोणता, जिवंत आहे का, उभा राहतो का, हे त्यानंतर.

आपल्या भागातल्या वनरक्षकाचा किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा मोबाइल क्रमांक हाताशी असेल तर तो १९२६ पेक्षा लवकर कामाला येतो, हे माझं स्पष्ट मत. "खंडाळ्याच्या फाट्याजवळ, त्या विहिरीपाशी" एवढं म्हटलं तरी त्याला जागा कळते. कार्यालयाचा क्रमांक मात्र रात्री फारसा कामाचा नसतो. मराठवाड्यात मुळात जंगल थोडं, म्हणून वन कर्मचारीही थोडे. एका वनपरिक्षेत्रात कधी कधी दोन-तीन तालुके येतात. गार्ड ४० किलोमीटरवर असेल तर तो मुद्दाम उशीर करतोय असं समजून भांडू नये. नंबर असेल तर आधी गार्डला सांगा आणि पाच मिनिटांच्या आत १९२६ वर नोंद करा. नंबर नसेल तर सरळ १९२६. तालुक्याच्या वन कार्यालयात एकदा चहाच्या वेळेला जाऊन नंबर मागितला तर ते देतात. मी आता चार तालुक्यांचे घेऊन ठेवलेत.

११२ आणि १०३३

पोलिसांना हरणाच्या मोडलेल्या पायाचं काही करता येत नाही. तरीही पहिल्या अर्ध्या तासात ११२ सारखा उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही, आणि हे मला फार उशिरा उमगलं. हरीण, काळवीट, चिंकारा, रोही म्हणजे नीलगाय, या चरणाऱ्या प्राण्यांना भीतीच मारते. पळवलं, धरलं, गराडा घातला की त्यांचे स्नायू आतून खराब होऊ लागतात, शरीराचं तापमान चढतं, त्याचा भार हृदयावर आणि मूत्रपिंडावर येतो. वैद्यकीय भाषेत याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. जखम साधी असली तरी प्राणी तासाभरात किंवा दोन-चार दिवसांनी जाऊ शकतो. तेव्हा अशा प्राण्याला पहिला उपचार म्हणजे गर्दी हटवणं, आणि मराठवाड्यातल्या रस्त्यावर गर्दी खाकी वर्दीशिवाय हटत नाही. तुम्ही आम्ही हात जोडले तरी माणसं दोन पावलं मागे जातात आणि पुन्हा तीन पावलं पुढे येतात.

१०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा मदत क्रमांक. टोल नाक्याची गस्तीची गाडी रात्रीही रस्त्यावर असते, तिच्याकडे लाल-पिवळे दिवे असतात, शंकू असतात, मागून येणारा ट्रक ती थांबवू शकते. धुळे-सोलापूर, कल्याण-निर्मल, नागपूर-तुळजापूर अशा राष्ट्रीय महामार्गांवर प्राणी दुभाजकापाशी अडकला असेल तर हाच फोन आधी. साध्या राज्य मार्गावर किंवा जिल्हा रस्त्यावर मात्र १०३३ चा उपयोग नाही, तिथे ११२.

समृद्धी महामार्गाचं वेगळं सांगायला हवं. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून तो जातो, हलक्या गाड्यांना १२० चा वेग आहे, दोन्ही बाजूंना कुंपण आहे. प्राण्यांसाठी खालून आणि वरून वाटा ठेवल्या आहेत, पण एखादा कोल्हा किंवा रोही चुकून आत शिरला तर कुंपणामुळे त्याला बाहेर पडता येत नाही आणि तो लेनमध्ये सैरावैरा धावतो. तिथे उतरून त्याच्यामागे जाऊ नका. किलोमीटरचा आकडा बघून ठेवा आणि पुढच्या सुरक्षित जागेवरून फोन करा. वाहत्या रस्त्यावर उतरून प्राणी वाचवताना माणूस गेला तर दोघांच्याही वाट्याला काही येत नाही.

पशुवैद्य: बोलवायचे की प्राणी घेऊन जायचं?

बहुतेकांच्या मनात पहिलं नाव पशुवैद्याचंच येतं, माझ्याही आलं. पण तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना दिवसाच्या वेळेत चालतो, आणि तिथल्या डॉक्टरांचा रोजचा हात गाय, म्हैस, शेळीवर बसलेला असतो. १९६२ वर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं, ते पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे. वन्यप्राण्यासाठी त्याच्यावर विसंबून राहू नये. वन विभागाने कळवलं तर तेच सरकारी डॉक्टर येतात आणि मनापासून काम करतात. थोडक्यात, पशुवैद्याचं दार वन विभागामार्फत लवकर उघडतं.

मोठी शस्त्रक्रिया लागणार असेल तर आपल्याकडे दोन ठिकाणं लक्षात ठेवावीत, परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं. परभणी, हिंगोली, नांदेड, जालन्याच्या काही भागाला पहिलं सोयीचं, लातूर आणि नांदेडच्या दक्षिण भागाला दुसरं. बीड आणि धाराशिवच्या लोकांना मात्र दोन्ही लांब पडतात. जखमी हरणाला जीपमध्ये घालून १०० किलोमीटर न्यायचं की जागेवरच मलमपट्टी करायची, हा निर्णय वन अधिकारी आणि डॉक्टरांनी घ्यायचा. आपण नाही.

स्वतः उचलून नेण्याबद्दल माझं मत बदलत गेलं. आता मी फक्त छोटे पक्षी आणि पिंगळ्याएवढी घुबडंच उचलतो, आणि तीही फोनवर वन कर्मचाऱ्याने "आणा" म्हटल्यावर. पुठ्ठ्याचं खोकं, त्याला चार भोकं, तळाला सुती कापड, वरून झाकण. अंधारात पक्षी शांत होतो. पाणी नाही, दूध तर मुळीच नाही, भात-भाकरीही नाही. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात गुंतलेले घार-घुबड हमखास सापडतात. मांजा ओढायचा नाही, गुंता सैल असेल तिथे दोन्ही बाजूंनी कापायचा आणि पंखात रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. पावसाळ्यात रस्ता ओलांडणारं कासव दिसलं आणि ते जखमी नसेल, तर ते ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूला पलीकडे ठेवावं. जिथून आलं तिथे परत ठेवलं तर ते पुन्हा रस्त्यावर येतं.

सर्पमित्र आणि स्थानिक संस्था

साप असेल तर विचार करायला नको, वन विभागाशी जोडलेला सर्पमित्र सगळ्यात लवकर येतो. प्रत्येक तालुक्यात आता दोन-चार तरी आहेत. ओळखपत्र विचारायला संकोचू नये, चांगला सर्पमित्र स्वतःहून दाखवतो. गळ्यात साप घालून फोटो काढणाऱ्याला पुन्हा बोलवू नये.

बाकी प्राण्यांसाठी सर्पमित्राचं महत्त्व वेगळ्या कारणाने. त्याच्याकडे गार्डचा नंबर असतो, जाळी असते, पिंजरा असतो, आणि रात्री दोन वाजता निघण्याची तयारी असते. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यप्राण्यांचं पुनर्वसन केंद्र आहे. जखमी हरणं, मोर, माकडं, पक्षी तिथे बरे होऊन पुन्हा रानात गेलेत. पोचण्याआधी वन विभागाला कळवणं इथेही चुकत नाही, संस्था स्वतः तेच सांगतात. अशी केंद्रं मराठवाड्यात आणखी हवीत. आठ जिल्ह्यांना एवढं पुरत नाही.

प्राणी बघून क्रम

हरीण, काळवीट, रोही: आधी ११२ किंवा १०३३ गर्दी आणि गाड्यांसाठी, लगेच गार्ड किंवा १९२६. स्वतः १५-२० पावलं लांब थांबा, गाडीचे दिवे बंद करा. प्राणी अगदी निपचित असेल आणि वन कर्मचाऱ्याने फोनवर सांगितलं तरच डोळ्यांवर हलकं कापड टाका, नाक मोकळं ठेवून. पाणी पाजण्याची ओढ मला कळते. टँकरची वाट बघत वाढलेल्या आपल्या माणसांना तहानलेल्या जीवासमोर हात आखडता घेणं सगळ्यात जड जातं. पण आडव्या पडलेल्या प्राण्याच्या तोंडात ओतलेलं पाणी पोटात न जाता फुप्फुसात जाऊ शकतं. त्या रात्री त्या बाबांना मी अडवलं नाही, कारण तेव्हा मलाही हे माहीत नव्हतं.

कोल्हा, खोकड, लांडगा, तरस, मुंगूस: हात लावूच नका, जखमी प्राणी चावतो आणि रेबीजचा धोका असतो. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. बिबट्या असेल, आष्टी-पाटोद्याकडे किंवा गौताळ्याच्या बाजूला तो दिसू शकतो, तर गाडीच्या काचा वर, आत बसूनच १९२६ आणि ११२ दोन्ही.

रस्त्यालगतच्या गवतात हरणाचं एकटं पाडस शांत बसलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते हरवलेलं नसतं. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. उचललं की ते खरंच पोरकं होतं. जागा लक्षात ठेवून गार्डला सांगा आणि निघा.

प्राणी वन विभागाच्या ताब्यात गेला की मी दोन गोष्टी करतो. गार्डचं नाव आणि प्राणी कुठे नेला हे लिहून घेतो, दोन दिवसांनी विचारतो. आणि तारीख, वेळ, किलोमीटर, प्राणी अशी नोंद वहीत ठेवतो. मांजरसुंब्याच्या अलीकडच्या त्या एकाच वळणावर माझ्या वहीत आता पाच नोंदी झाल्यात, पाचही मार्च ते मेच्या, रस्त्याच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा तलाव आहे तिथल्या. त्या नोंदींच्या आधारे तिथे सूचना फलक आणि गतिरोधक पट्ट्या मागणारा अर्ज मी वन कार्यालयात दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. तुमच्याही रस्त्यावर असं वळण असेल तर वही आजपासून सुरू करा.