टिळकवाडीतील क्रिप्टो वर्ग: मार्केट कॅप कितपत समजते?

बेळगावच्या टिळकवाडीत रविवारी भरणाऱ्या क्रिप्टो गुंतवणुकीच्या एका खासगी वर्गाची फी पाचशे रुपये असून, ती पहिल्या तासाभरातच वसूल होते. खानापूर आणि निपाणीकडून येणाऱ्या बहुतेक तरुणांना पैशापेक्षाही कमी किमतीच्या नाण्यांची भुरळ असते, आणि शिक्षक नेमके तसलेच नाणे फळ्यावर घेतात. शिबा इनू या क्रिप्टो चलनाची बाजारात फिरणारी नाणी सुमारे 589 लाख कोटी आहेत. तेव्हा 'एक दिवस हे रुपयाला जाईल' अशी आशा धरायची, तर त्याचे मार्केट कॅप, म्हणजे भाव गुणिले नाण्यांची संख्या, 589 लाख कोटी रुपये मानावे लागेल, जेव्हा भारताचे 2024-25चे सकल देशांतर्गत उत्पादनच सुमारे 330 लाख कोटींचे होते. हा हिशेब मांडून झाल्यावर मागच्या बाकांवरील मोबाईल मुकाट्याने खिशात गेले.

नाण्यांच्या संख्येचा भागही चांगला शिकवला जातो. बिटकॉइनची कमाल संख्या 2 कोटी 10 लाख ठरलेली आहे, तर डोजकॉइनला अशी मर्यादा नसून दरवर्षी 500 कोटी नवी नाणी येतात, हा फरक सोप्या मराठीत उलगडतो.

मात्र मार्केट कॅप म्हणजे 'बाजारात गुंतलेला पैसा' असे शिक्षक सांगतात, ते पटण्याजोगे नाही. तो शेवटच्या व्यवहाराच्या भावाचा आणि नाण्यांच्या संख्येचा गुणाकार आहे, एवढेच. तंबाखूची चार पोती चढ्या भावाने गेली म्हणून वखारीतला सगळा माल त्या भावाने खपत नाही, हे निपाणीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. तरी विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक किती, हा प्रश्न वर्गात निघालाच नाही. मे 2022 मध्ये कोसळलेल्या लुना या क्रिप्टो चलनाचा तर नुसता नामोल्लेख झाला. काही दिवसांत त्याची नाणी सुमारे 35 कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि भाव मातीमोल झाला, म्हणजे गुणाकाराचे दोन्ही आकडे एकदमच बिघडले. यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही.

कराचा भाग थोडक्यात, पण बिनचूक आहे: 1 एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, आणि तोट्याची वजावट नाही. पुढील वर्गाची फी याच्या तिप्पट आहे. रोजची उलाढाल आणि खरेदीदारांची संख्या त्यात शिकवणार का, हे विचारूनच ती भरावी.