सव्वा किलोचा ट्रायपॉड आणि कोकणकड्यावरचा वारा

आधी वजन, कारण घेतला तो वजनासाठीच. खोक्यावर छापलंय 1,250 ग्रॅम. आमच्या वाण्याच्या काट्यावर हेडसकट (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) 1,310 भरला. जुना अ‍ॅल्युमिनियमचा सव्वादोन किलोचा होता, म्हणजे जवळजवळ एका बाटलीभर पाण्याचं ओझं कमी झालं. कार्बन फायबर, पाच टप्प्यांचे पाय, मिटल्यावर हातभर. कंपनीचं नाव घेत नाही. याच बनावटीचे दोन-तीन वेगळ्या नावांनी मला दुकानात दिसले.

नोव्हेंबरात दोन मुक्कामांसाठी हरिश्चंद्रगडावर नेला. खुबी फाट्याला एसटीतून उतरून खिरेश्वर, तोलार खिंड, पुढे रेलिंगचा कातळटप्पा. जुना सॅकच्या बाहेर बांधावा लागे आणि या टप्प्यावर दर दोन पावलांना कातळावर आपटे. हा बाजूच्या कप्प्यात उभा राहिला आणि वरपर्यंत त्याची आठवणही झाली नाही. इथवर पैकीच्या पैकी.

गडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे कड्याच्या अंगावर ऊन येतं ते संध्याकाळी. ऊन उतरेल तसा शटर जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि नेमका तेव्हाच खालून वारा चढायला लागतो. मी हौसेने मधली दांडी वर काढून ट्रायपॉड छातीपर्यंत उभा केला. अर्ध्या सेकंदाचे सात फोटो काढले. मोठे करून पाहिले तर सातही हललेले. पाचव्या टप्प्याची नळी करंगळीपेक्षा बारीक, ती तरी काय धरणार! खालच्या आकड्याला सॅक लटकवली, तर तीच झोके घेऊन ट्रायपॉड हलवायला लागली. शेवटी भाजीच्या कापडी पिशवीत दगड भरले आणि पिशवी बुडाशी कातळाला जेमतेम टेकेल अशी बांधली. दांडी खाली, बारीक टप्पा बंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. आणि मी चक्क मांडी घालून. मग मात्र कड्याची रेघन् रेघ आली. गुडघ्याएवढ्या उंचीवर हा ट्रायपॉड उत्तम आहे. उभ्याने फोटो काढणाऱ्याने घेऊ नये.

खरा राग प्लेटवर आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने लावून हेडमध्ये अडकवायच्या पट्टीवर. कॅमेरा उभा धरला की प्लेटचा स्क्रू हळूहळू फिरतो आणि कॅमेरा मान टाकतो. स्क्रूला नाण्याची खाच नाही, फक्त अ‍ॅलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते, आणि ती घरी खोक्यात. कड्याची खोली उभ्या फ्रेममध्येच बसते. मग आडव्या तीन फ्रेम एकाखाली एक घेऊन घरी जोडल्या. पाच रुपयांच्या खाचेसाठी हा उपद्व्याप!

रात्री मंदिराच्या शिखरावरचे तारे घेतले. 18 मिलिमीटर, 15 सेकंद, आयएसओ 3200. मंदिराच्या आडोशाला वारा नव्हता, एकही फोटो हलला नाही. पहाटे इंद्रवज्राच्या, म्हणजे गोल इंद्रधनुष्याच्या, आशेने पुन्हा कड्यावर गेलो. ते दिसायला पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं लागतं, म्हणजे इथे सकाळच. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने ते इथे पाहिल्याचं सांगतात. मला नुसतं कोरं ऊन दिसलं. एरवी त्याला ट्रायपॉड लागलाही नसता.

परतल्यावर पाय फिरवताना करकर आवाज यायला लागला. पिळून बंद होणाऱ्या गाठींत मुरूम शिरला होता. उघडून ओल्या फडक्याने पुसल्या, वाळवल्या. दहा मिनिटांचं काम. खटक्याचे लॉक असलेल्या जुन्याला हे कधी करावं लागलं नव्हतं.

साडेसात हजारांत पाचपैकी साडेतीन. प्लेट नीट असती तर चार दिले असते. अ‍ॅलन की आता सॅकच्या चेनला सुतळीने बांधून टाकली आहे.