खाऱ्या पाण्याच्या टँकला नुसता पंखा पुरतो का? पुण्यात दहा महिने वापरून

घरी २०० लिटरचा मरीन टँक आहे, दोन क्लाउनफिश, थोडे झोअँथिड आणि एक हॅमर कोरल (दोन्ही जिवंत प्रवाळ). मार्चमध्ये दुपारी पाणी २९ डिग्रीच्या वर जायला लागलं, दुकानदार म्हणाला चिलरच (पाणी गार करणारं यंत्र) घ्या, किंमत ऐकून आधी मलाच घाम फुटला. मग काचेला क्लिपने अडकवायचे दोन छोटे पंखे आणि पंखा-हीटर दोन्ही चालूबंद करणारा साधा कंट्रोलर घेतला, २६ वर सेट केला.

एप्रिल-मेमध्ये खोलीत ३५ असताना पाणी २६.५-२७, खरंच वाटलं नव्हतं. पुण्याचा उन्हाळा कोरडा, वाफ भराभर होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, आपला माठच की. पण रोज साडेतीन-चार लिटर पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं, त्यामुळे भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. मी लग्नाला चार दिवस गावी गेलो, उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉपअप लावला नव्हता (आळस, दुसरं काय), परत येऊन बघतो तर सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) उतरलेला, त्यातून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप हवा ओढत गुरगुरतोय, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५ ची १.०२७ आणि हॅमर मिटून बसलेला. एकदम पाणी न ओतता दोन दिवसांत हळूहळू उतरवली.

जुलैत हवाच ओली, पंखा फिरतोय पण जेमतेम एखादी डिग्री कमी. पुण्यात तेव्हा खोलीच २७-२८ असते म्हणून निभावलं. मुंबईत मावसभावाने हेच करून पाहिलं, मे महिन्यातल्या त्या दमट हवेत पंख्यांनी काही होईना, त्याला शेवटी चिलर घ्यावाच लागला आणि आता तो चिलर गरम हवा हॉलमध्येच सोडतो म्हणून एसी पण लावतो.

सगळ्यात मोठा घोळ डिसेंबरात. काच पुसताना कंट्रोलरचा तापमान मोजणारा प्रोब पाण्याबाहेर आला, लक्षातच नाही. प्रोबला खोलीतली १९ डिग्रीची हवा लागतेय, त्याला वाटलं पाणीच गार झालं, हीटर रात्रभर चालू! सकाळी पाणी ३०.५, क्लाउन पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतायत. झाकण उघडून पंखे फुल सोडले, वाचले. तेव्हापासून प्रोबला दोन सक्शन कप आणि शेजारी एक वेगळा साधा थर्मामीटर, रोज चहा घेताना दोन्ही आकडे बघतो.

चिलर सध्या तरी नको. पंखे मात्र बदलावे लागणार, पात्यांवर मिठाचा पांढरा थर बसतो, एकाचं बेअरिंग त्यातच गेलंय आणि रात्री असं खर्रखर्र करतं की आई विचारते, मासे घोरतात का रे?