घडीचा फोन: बिजागरी टिकते, सांभाळायची ती आतली स्क्रीन

फोल्डेबल फोन घ्यायचा विचार करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा बिजागरीचा असतो. रोज शंभरदा उघडझाप केली तर मोडणार नाही का? २०१९ मध्ये ही भीती रास्त होती. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिलमध्ये परीक्षणासाठी दिला गेला आणि काही दिवसांतच अनेकांच्या स्क्रीन बंद पडल्या. काहींनी वरची फिल्म साधं स्क्रीन गार्ड समजून सोलून काढली होती. काही फोनांत बिजागरीच्या टोकाकडच्या फटीतून कण आत शिरून खालून स्क्रीनला टोचले. कंपनीने विक्री पुढे ढकलली, फिल्मच्या कडा चौकटीखाली नेल्या, बिजागरीच्या दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या आणि सप्टेंबरमध्ये फोन पुन्हा आणला. आज बाजारात असलेले फोन त्या धड्यावर उभे आहेत. बिजागरी आता या फोनांचा सगळ्यात कच्चा भाग राहिलेली नाही. पैसे आणि काळजी दोन्ही आतल्या स्क्रीनवर खर्च होतात, आणि खरेदीचा निर्णयही तिच्याकडे बघूनच घ्यावा.

घड्यांचे आकडे आधी पाहू. बरीच वर्षं दोन लाख घड्यांचा दावा रूढ होता. दिवसाला शंभर उघडझापी धरल्या तर दोन हजार दिवस, म्हणजे साधारण साडेपाच वर्षं. सॅमसंगच्या २०२५ च्या फोल्ड ७ च्या पॅनेलसाठी, म्हणजे घडीच्या स्क्रीनसाठी, सॅमसंग डिस्प्लेने पाच लाख घड्या सांगितल्या आहेत. दिवसाला दोनशे धरल्या तरी ती पावणेसात वर्षं झाली. आकडा खोटा नाही, पण तो यंत्राने मोजलेला आहे. यंत्र दर वेळी एकाच वेगाने, एकाच कोनात, स्वच्छ खोलीत आणि साधारण तापमानात फोन मिटतं. खिशातली धूळ, एका हाताच्या अंगठ्याने कडेला खुपसून उघडणं, थंडीत कडक झालेली फिल्म, यांतलं काहीच त्या मोजणीत नसतं. आणखी एक गोष्ट खरेदी करताना सुटते. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फोल्डमध्ये निम्म्याहून जास्त कामं बाहेरच्या स्क्रीनवर उरकतात. वरून खाली मिटणाऱ्या फ्लिपमध्ये मेसेज नीट टाइप करायचा म्हटलं तरी फोन उघडावा लागतो. त्यामुळे त्याच माणसाच्या हातात फ्लिपच्या घड्या फोल्डपेक्षा भराभर वाढतात.

बिजागरी बिघडते तेव्हा ती सहसा अचानक मोडत नाही, सैल होते. तिच्यातले कॅम (कोन धरणारे उंचवट्याचे भाग) आणि स्प्रिंग फोनला अर्ध्या कोनात धरून ठेवतात. ते झिजले की नव्वद अंशांवर उभा केलेला फोन हळूहळू मागे कलतो किंवा आपोआप मिटतो. उलट बाजूचं लक्षण जास्त गंभीर असतं. फोन पूर्ण सपाट होत नसेल, शेवटचे दोन-चार अंश अडत असतील, तर आत कण गेला आहे किंवा पडल्यामुळे चौकट वाकली आहे. अशा वेळी जोर लावून सपाट करू नये. ताण बिजागरीवर न येता थेट स्क्रीनवर येतो.

आता स्क्रीन. ती एक काच नाही, थरांची चवड आहे. सगळ्यात वर मऊ प्लास्टिकची फिल्म, तिच्याखाली चिकट थर, मग अतिपातळ काच, मग चित्र दाखवणारं ओलेड पॅनेल आणि तळाशी आधार देणारी धातूची किंवा कार्बन फायबरची पट्टी. ही काच साधारण ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची असते, आणि तिला पातळ ठेवण्यामागे सरळ भूमिती आहे. वाकवल्यावर बाहेरच्या पृष्ठभागावर येणारा ताण म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ३० मायक्रॉनच्या काचेला एक टक्का ताण येतो. नेहमीच्या फोनची अर्धा मिलिमीटर काच तिथे ठेवली तर तो सतरा टक्क्यांच्या जवळ जातो. रासायनिक प्रक्रियेने मजबूत केलेली काचही एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे टिकणं अवघड. म्हणून काच पातळ करावी लागते, आणि पातळ केली की टोकदार वस्तूपुढे तिचं काही चालत नाही. गॅलेक्सी झेड फ्लिपने २०२० मध्ये अशी काच पहिल्यांदा आणली तेव्हा आता ओरखडे पडणार नाहीत असा समज पसरला. प्रत्यक्षात बोट टेकतं ते वरच्या प्लास्टिकवर. कठीणता मोजणाऱ्या एक ते दहाच्या मोह्स मापनात नेहमीची फोनची काच सहाव्या पातळीपर्यंत ओरखडा घेत नाही. इथे दुसऱ्या-तिसऱ्या पातळीलाच खूण उमटते. नखाची कठीणता साधारण अडीच आहे आणि वाळूतल्या क्वार्ट्झची सात. नख जोरात रोवलं तर चंद्रकोरीसारखी खूण राहते. वाळूचा एक कण स्क्रीनवर असताना फोन मिटला तर दोन्ही अर्ध्या भागांमध्ये तो दाबला जातो आणि फिल्मसकट खालच्या काचेलाही टोचू शकतो. कोपऱ्यात एक काळा ठिपका आणि त्यातून पसरत जाणारी रेघ, हे या अपघाताचं नेहमीचं रूप.

घडीवरची खाच हा त्या मानाने किरकोळ मुद्दा आहे. थेंबाच्या आकारात स्क्रीन वळवणाऱ्या बिजागऱ्यांमुळे वळणाची त्रिज्या वाढली, खाच उथळ झाली आणि मिटल्यावर बिजागरीपाशी राहणारी फटही गेली. सॅमसंगने ही रचना २०२३ च्या फोल्ड ५ आणि फ्लिप ५ मध्ये आणली, ओप्पोकडे ती २०२१ च्या फाइंड एन पासून होती. खाच तिरप्या उजेडात दिसते आणि बोटाला जाणवते, समोरून वाचताना विसरायला होते. वर्षभरात ती थोडी खोल होणं हा बिघाड नाही.

बिघाडाची सुरुवात फिल्मपासून होते. वारंवार वाकल्याने घडीच्या रेषेवर तिचा चिकटपणा सुटतो आणि मधोमध लांबट बुडबुडा दिसू लागतो. जास्त वापर असेल तर वर्ष-दीड वर्षात हे होऊ शकतं. इथे दोन चुका हमखास घडतात. पहिली, बुडबुडा तसाच ठेवून वापरत राहणं. फिल्म सुटली की त्या जागी धूळ शिरते, दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि खालची काच घडीवर तडकण्याची शक्यता वाढते. दुसरी चूक म्हणजे ती स्वतः सोलणं किंवा बाहेरून मिळणारं गार्ड लावणं. काही फोनांत वरची फिल्म सर्व्हिस सेंटरमध्ये बदलून मिळते, काहींत ती स्क्रीनशी कायमची जोडलेली असते. डोळ्यांना फरक कळत नाही. टफन ग्लास तर आतल्या स्क्रीनवर कधीच लावू नये. ती वाकत नाही आणि जाडीमुळे फोन पूर्ण मिटत नाही. बुडबुडा दोन-तीन मिलिमीटरचा असतानाच फोन सर्व्हिस सेंटरला न्यावा.

पाणी आणि धूळ यांत मोठी गल्लत होते. आयपी दर्जात पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. आयपीएक्स८ मधल्या एक्सचा अर्थ धुळीसाठीचा दर्जा दिलेलाच नाही. आयपी४८ मधला चार म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू आत जाणार नाही. बारीक वाळू, पीठ, सिमेंटची धूळ यांना तिथे अडवणारं काही नाही. सॅमसंगचे फोल्ड ६ आणि ७ याच दर्जाचे आहेत. धुळीपासून पूर्ण बंद असण्यासाठी पहिला आकडा सहा लागतो, आणि गूगलच्या २०२५ च्या पिक्सेल १० प्रो फोल्डने आयपी६८ मिळवून ते शक्य असल्याचं दाखवलं. बांधकामावर, शेतात, गिरणीत किंवा समुद्रकिनारी काम करणाऱ्याने हा पहिला आकडा इतर सगळ्या गोष्टींच्या आधी पाहावा. पाण्याची चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं किंवा साबणाचं पाणी लागलं तर फोन साध्या पाण्याने हलके धुवून, कोरड्या कापडाने टिपून, उघडा ठेवून वाळवावा.

मिटताना करकर आवाज आला तर लगेच थांबावं. फोन अर्धा उघडा धरून उलटा करावा, तळव्यावर हलके आपटावा आणि मऊ, कोरड्या ब्रशने स्क्रीनच्या कडेने बाहेरच्या दिशेने झाडावं. दाबलेल्या हवेचा फवारा वापरू नये, कण आणखी आत जातात. आवाज राहिलाच तर पुढचं काम सर्व्हिस सेंटरचं.

आणखी तीन बिघाड ओळखता यायला हवेत. दोन भागांना जोडणारी लवचीक केबल बिजागरीतून जाते. ती खराब झाली की फोन एका ठरावीक कोनातच चालतो, अर्धी स्क्रीन लुकलुकते किंवा एका बाजूचा टच मरतो. बॅटरी दोन असतात, प्रत्येक भागात एक. एखादी फुगली तर त्या बाजूची स्क्रीन किंवा मागचं पॅनेल वर उचललं जातं, मिटल्यावर दोन कडा समांतर राहत नाहीत. असा फोन चार्जिंगला लावू नये आणि दाबून बंदही करू नये. तिसरा बिघाड थंडीचा. शून्याच्या आसपास किंवा खाली फिल्म आणि चिकट थर कडक होतात, आणि रात्रभर गारठ्यात राहिलेला फोन झटक्यात उघडला की घडीवर चीर पडू शकते. आधी आतल्या खिशात थोडा वेळ ठेवून मग सावकाश उघडावा.

एवढं करून घ्यावा का? ज्याच्या कामात मोठी स्क्रीन रोज लागते त्याने घ्यावा. तक्ते, नकाशे, पानभर पीडीएफ, एका बाजूला व्हिडिओ कॉल आणि दुसरीकडे नोंदी, यांसाठी आठ इंचांची स्क्रीन खरोखर उपयोगी आहे, आणि जवळ टॅब्लेट बाळगायची गरज संपते. जडपणाची तक्रारही आता फारशी उरली नाही. २०२० चा फोल्ड २ मिटल्यावर बिजागरीपाशी १६.८ मिलिमीटर आणि वजनाला २८२ ग्रॅम होता. फोल्ड ७ मिटून ८.९ मिलिमीटर आणि २१५ ग्रॅम आहे. मात्र या बारीकपणाची किंमत बॅटरी आणि पेनने मोजली आहे. फोल्ड ७ मध्ये बॅटरी ४४०० एमएएचच राहिली आणि स्क्रीनवर लिहायच्या एस पेनचा आधार काढला गेला. पेनने लिहिणाऱ्याला जुना फोल्ड ६ जास्त कामाचा. व्हिडिओ बघण्यासाठी फोल्ड घेणाऱ्याची मात्र निराशा होते. स्क्रीन चौरसाकडे झुकणारी असल्याने वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र वाटतं तितकं मोठं दिसत नाही. फ्लिपबद्दल आमचं मत जास्त कडक आहे. उघडल्यावर तो नेहमीच्याच आकाराचा फोन आहे, आणि घडीचे सगळे धोके पत्करून हाती लागतो तो फक्त खिशात मावण्याचा फायदा. खिसे किंवा पर्स लहान असणाऱ्यांना तो फायदा मोठा वाटेल. बाकीच्यांनी साधा फोन घ्यावा.

पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारून लेखी घ्याव्यात. वॉरंटीत नसलेली आतली स्क्रीन बदलायला किती खर्च येतो. तिच्यासोबत चौकट आणि बॅटरीही बदलावी लागते का, कारण अनेकदा ते सगळं एकत्रच जोडून येतं. फिल्म बदलून मिळते का आणि किती वेळा. आणि अपघाती नुकसानाच्या संरक्षणात आतली स्क्रीन धरली आहे का. नेहमीच्या वॉरंटीत घडीवरची चीर फोन आपटल्यामुळे झाली की आपोआप, यावरच वाद अडतो. कडेला बारीक ठोक्याची खूण असली तरी दावा नाकारला जाऊ शकतो. स्क्रीनचा खर्च ऐकून फोन नकोसा वाटला, तर तो खरंच घेऊ नये.

वापरलेला फोन घेताना पूर्ण पांढरी, पूर्ण काळी आणि पूर्ण लाल चित्रं उघडून घडीची रेषा आणि चारही कडा बघाव्यात. मग एखादं आयकॉन दाबून धरून स्क्रीनभर, विशेषतः घडीवरून आडवं, सावकाश फिरवावं. मध्येच सुटलं तर त्या जागी टच मेला आहे. फोन मिटून सपाट टेबलावर ठेवावा आणि डोळे कडेच्या पातळीला आणून फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहावं. फिल्म नवी दिसत असेल तर ती कुठे बदलली याची पावती मागावी.

आणि फोन घेतल्या दिवशीच बॅकअप चालू करून ठेवावा. फोल्डची आतली स्क्रीन गेली तरी बाहेरच्या स्क्रीनवरून पासवर्ड टाकता येतो आणि सगळा डेटा काढता येतो. छोट्या बाहेरच्या स्क्रीनच्या फ्लिपमध्ये आतली स्क्रीन बंद पडली की फोन चालू असूनही काही कामं अडतात, आणि स्क्रीन बदलायला देताना फोनमधला डेटा पुसला जाण्याची शक्यता असते.