१९११ए१ ची नवी नक्कल, कस्टम बांधणीचा पाया म्हणून : काही महिन्यांच्या वापरानंतर (आणि प्लंजर ट्यूबची कटकट)

१९११ म्हणजे अमेरिकी लष्कराचं जुनं पिस्तूल, १९११ए१ ही त्याची सुधारित आवृत्ती; तिच्या या नव्या नकलेत थंब सेफ्टी (अंगठ्याने चालणारा सुरक्षा-खटका) वर गेली ती खाली यायलाच तयार नाही. हॅमर (घोडा) चढलेला, चेंबरमध्ये राउंड (काडतूस), आणि अंगठ्याने कितीही जोर लावला तरी सेफ्टी ढिम्म. १९११ मध्ये सेफ्टी लागली की स्लाइडही (वरचा सरकणारा भाग) अडते, म्हणजे स्लाइड ओढून राउंड बाहेर काढायचीही सोय नाही. अशा वेळी पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवायचं, बोट ट्रिगरपासून लांब, मॅगझिन काढून घ्यायचं, आणि डाव्या ग्रिपच्या वर असलेली बारीक नळी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फ्रेमवर (पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर) दाबून धरून मग सेफ्टी खाली करायची. ती खाली येते. कारण बिघाड सेफ्टीत नसतोच, त्या नळीत असतो.

ही प्लंजर ट्यूब. या नकलांबद्दल लोक फोर्जिंग (ठोकून घडवलेली फ्रेम) की कास्टिंग (ओतलेली), बॅरल कुठलं, फिनिश कसं यावर तासन्‌तास बोलतात. या नळीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. नळीत एक स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना दोन छोटे प्लंजर. मागचा थंब सेफ्टीला वर-खाली टिकवतो, पुढचा स्लाइड स्टॉपला (मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडवणाऱ्या खटक्याला) खाली धरून ठेवतो. नळीला दोन बारीक पाय असतात. ते फ्रेमच्या डाव्या भिंतीतून आत जातात आणि मॅगझिनच्या विहिरीत (मुठीतल्या पोकळीत) रिबिटीसारखे फुलवलेले असतात. बाकी काही नाही. स्क्रू नाही, वेल्डिंग नाही. स्वस्त नकलेत हे फुलवणं घाईत उरकलेलं असतं. काही शे राउंडच्या दणक्यांनी नळी मागच्या बाजूने केसभर उचलली जाते आणि मागच्या प्लंजरचं टोक सेफ्टीच्या खाचेत बसायचं सोडून तिच्या आड येतं. पुढचं टोक ढिलं झालं तर उलट त्रास: स्लाइड स्टॉप मधेच वर उडतो आणि अर्धं मॅगझिन शिल्लक असताना स्लाइड मागे अडकते. मग लोक मॅगझिनला शिव्या देतात.

तपासायला वेळ लागत नाही. पिस्तूल रिकामं करा, दोनदा बघून घ्या. डावी ग्रिप काढा, नळी नखाने फ्रेमपासून ओढून बघा. हलली की ढिली. फ्रेम आणि नळीच्या फटीत तेलाचा थेंब सोडून सेफ्टी वर-खाली केली आणि तेल आत-बाहेर झालं, तरीही ढिलीच.

दुरुस्ती घरी होते, पण बेताने करायची. थंब सेफ्टी काढताना नळीच्या तोंडावर बोट ठेवा, नाहीतर प्लंजर आणि स्प्रिंग खोलीभर शोधावे लागतील. मूळ स्प्रिंगला मधे मुद्दाम एक बाक दिलेला असतो, ती आपोआप बाहेर उडू नये म्हणून. बदली स्प्रिंग सरळ आली तर तसाच बाक द्या. मग नळीच्या आतल्या मापाचा गुळगुळीत दांडा (ड्रिल बिटचा मागचा भाग चालतो) नळीत घाला, नाहीतर दाब पडून नळी चेपते आणि प्लंजर अडकतो. फ्रेम आणि पाय एसीटोनने तेलमुक्त करा, पायांना लाल लॉकटाइटचा (धातूचे जोड घट्ट करणाऱ्या गोंदाचा) थेंब लावा, आणि प्लंजर ट्यूब स्टेकिंग टूलने आतून पाय फुलवा. हे टूल पकडीसारखं किंवा स्क्रूने दाबणारं मिळतं. हातोडी आणि पंच घेऊन हे करू नका. विहिरीत पंच सरळ बसत नाही आणि फ्रेमला खड्डा पडतो. फुललेला भाग विहिरीच्या भिंतीच्या वर आला असेल तर बारीक कानशीने सपाट करा, म्हणजे मॅगझिन घासणार नाही. लॉकटाइट हा फक्त विमा, पकड रिबिटीचीच. पाय आधीच तुटला असेल तर नवी नळी, आणि ती घेताना पायांचं माप बघून घ्या, कारण बारीक आणि जाड असे दोन प्रकार येतात.

अजून एक. मूळ घाटाच्या ग्रिपची वरची कड नळीला खालून आणि बाजूने आधार देते. बारीक, ‘स्लिम’ ग्रिप लावल्या की तो आधार जातो. देखणेपणासाठी स्लिम ग्रिप लावणाऱ्यांनी स्टेकिंग आधी पक्कं करावं.

ढिल्या नळीबद्दल कंपनीकडून वॉरंटीचं उत्तर ठरलेलं आलं: ग्रिप आणि मेनस्प्रिंग हाउसिंग (मुठीचा मागचा भाग) बाहेरचं दिसतंय, तेव्हा हे आमच्यात बसत नाही, पाठवायचंच असेल तर पाठवणी तुमच्या खर्चाने. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा दोष या किमतीत कोणाच्याही पिस्तुलात निघू शकतो. पाठवणीच्या पैशात स्टेकिंग टूल घेणं परवडतं, आणि ते टूल घरात राहतं.

आता पाया म्हणून ही पिस्तुलं कशी, ते. पाया हा शब्द इथे उगाच नाही. अमेरिकेत १९११ वरचं जुनं कस्टम काम बरंचसं लष्कराच्या मोडीत निघालेल्या पिस्तुलांवरच झालं. मरीन कॉर्प्सच्या क्वांटिको इथल्या शस्त्रकारागिरांनी एमईयू(एसओसी) (विशेष मोहिमांच्या मरीन तुकड्यांची) पिस्तुलं बांधली तीही निवडून काढलेल्या जुन्या सरकारी फ्रेमवर, ज्या १९४५ नंतर बनल्याच नव्हत्या. आज अस्सल रेमिंग्टन रँड किंवा इथाका (दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बनलेली पिस्तुलं) कापणं म्हणजे पैसे जाळणं. संग्राहक तिची जी किंमत देतात ती कानस लागल्या क्षणी उतरते. म्हणून नक्कल. तुर्कस्तानची टिसास, फिलिपाइन्समधल्या मारिकिनाची आर्मस्कोर (रॉक आयलंड नावाने विकली जाणारी), अमेरिकेतली ऑटो-ऑर्डनन्स, आणि वरच्या किमतीत स्प्रिंगफील्डची मिल-स्पेक. टिसासची फ्रेम फोर्ज केलेली, आर्मस्कोरची कास्ट. कस्टम कामासाठी या फरकाचा जितका गाजावाजा होतो तितका तो जाणवत नाही. कास्ट फ्रेमही कानशीला व्यवस्थित लागते. स्प्रिंगफील्डमध्ये फायरिंग पिन (काडतुसाला ठोकणारी टाचणी) कमी व्यासाची असते. सुटा पार्ट मागवताना हे विसरलात की चुकीचा पार्ट घरी येणार.

साध्या जीआय (मूळ लष्करी) घाटाच्या नकलेची किंमत चारशे-साडेचारशे डॉलरच्या आसपास. हा आकडा बघूनच माणूस फसतो. आत काय बदलणार आणि बाहेर काय कापणार, यावर सगळा हिशेब फिरतो.

बीव्हरटेलचंच (रुंद, लांब शेपटीच्या ग्रिप सेफ्टीचंच) घ्या. जीआय पिस्तूल हाताला चावतं. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस हॅमरचा मागचा काटा आणि ग्रिप सेफ्टी (मुठीमागची, तळव्याने दाबली जाणारी सेफ्टी) यांच्यात सापडतं. ए१ करताना, १९२०च्या दशकात, सेफ्टीची शेपटी लांब केली होती ती यासाठीच, पण मोठ्या हातांना तीही पुरत नाही. मग बीव्हरटेल हवी. ‘ड्रॉप-इन’ (न कापता बसणाऱ्या) म्हणून विकलेल्या बीव्हरटेल जीआय फ्रेमवर बसतात खऱ्या, पण फ्रेमची चौकोनी शिंगं आणि सेफ्टी यांच्यात फट राहते, ती जन्मभर दिसते. नीट करायचं तर फ्रेमची शिंगं गोल कापायची. पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांपैकी विल्सनच्या घाटाला पाव इंच (०.२५०) त्रिज्या, एड ब्राउनच्या घाटाला ०.२२०. जिग (कानशीला वाट दाखवणारा साचा) त्याच मापाचा घ्या, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. शिवाय जीआय हॅमरचा काटा बीव्हरटेलला आदळतो, म्हणजे कमांडर घाटाचा (काट्याऐवजी गोल टोकाचा) हॅमर आला. हॅमर बदलला की सिअरशी (हॅमर अडवून धरणाऱ्या पट्टीशी) त्याचं जुळणं आलं. सिअर बदलली की थंब सेफ्टी पुन्हा बसवणं आलं. आणि फ्रेम कापली तिथे पार्करायझिंग (फॉस्फेटचा करडा लेप) गेलं, पांढरं लोखंड उघडं पडलं. कोल्ड ब्लू (पुसून लावायचं काळं रसायन) लावून पार्करायझिंगचा करडा रंग जुळत नाही आणि गंजापासून फारसा बचावही होत नाही. म्हणजे शेवटी सगळं ब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने घासून) पुन्हा फिनिश. चाळीस-पन्नास डॉलरच्या एका पार्टने तीनशे-चारशे डॉलर खाल्ले. त्याच पैशात कारखान्यातूनच बीव्हरटेल आणि मोठी साइट (नेम धरायची खूण) बसवून आलेलं मॉडेल मिळतं. बीव्हरटेल हवीच असेल तर जीआय नक्कल घेऊ नका.

साइटचंही तेच. जीआय घाटात पुढची साइट म्हणजे स्लाइडमधल्या चिरेत खालून ठोकून फुलवलेलं एक बारीक पातं. ते दिसत नाही, आणि ठोकणं कच्चं असेल तर एक दिवस उडून जातं. डव्हटेल (तिरप्या कडांच्या खाचेत सरकवून बसणारी साइट) हवी तर स्लाइड मिलिंगवर द्यावी लागते. नोव्हाक कंपनीच्या घाटात पुढची खाच ०.३३० इंच रुंद, ६५ अंशांची. काटकसरीचा मार्ग: त्याच चिरेत बसणारं उंच पातं घेऊन पक्कं ठोकणं. मुद्दाम जास्त उंच घ्या, घासून कमी करता येतं. हिशेब सोपा आहे. गोळी किती खाली लागते ते इंच, गुणिले दोन साइटमधलं अंतर (साधारण साडेसहा इंच), भागिले लक्ष्याचं अंतर इंचात. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. तीन इंच खाली लागत असेल तर सुमारे २२ थाउजंडथ (हजारांश इंच) घासायचं. एकदम नको, थोडं घासा, पाच राउंड झाडा, पुन्हा बघा.

दोन गोष्टींबद्दल मात्र मत बदललं. पहिली, कमानदार मेनस्प्रिंग हाउसिंग. सुरुवातीला ते भद्दं वाटलं आणि सपाट बसवलं. नंतर लक्षात आलं की पिस्तूल पटकन उचलल्यावर सपाट हाउसिंगने नेम खाली पडतो. ए१ मध्ये कमान आणली होती ती नेमकी याच तक्रारीवर. कमानदार परत बसवलं. दुसरी, बॅरल. मॅच बॅरल घालून बसवून घ्यायला पिस्तुलाच्या अर्ध्याहून जास्त पैसे जातात. त्याऐवजी फक्त बुशिंग (स्लाइडच्या तोंडाशी बॅरल धरणारं कडं) जास्त मापाचं घेऊन बसवलं तर २५ यार्डांवर गोळ्यांचा गट डोळ्यांना दिसेल इतका आवळतो. बाहेरून इतकं घट्ट की पाना लागावा, आतून बॅरलपेक्षा एक-दीड थाउजंडथ मोठं. रिकॉइल स्प्रिंग न घालता बॅरल आणि बुशिंग स्लाइडमध्ये ठेवून बॅरल मागे ढकला आणि खाली झुकवा. सोडल्यावर ती स्प्रिंगसारखी उसळली तर बुशिंग आतून अडतंय; जिथे चकाकी आली तिथे किंचित घासा. तसंच चालवलं तर बुशिंग कधीतरी तडकतं.

एक्स्ट्रॅक्टर (चेंबरमधून काडतूस ओढून काढणारा आकडा) सहसा बदलावाच लागतो. १९११ मध्ये एक्स्ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंग असतो, आणि धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेला असला तर ताण टिकवत नाही. स्प्रिंग स्टीलचा घ्या. स्लाइड काढून डमी राउंड त्याच्या आकड्याखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. राउंड पडता कामा नये, पण बोटाने सहज सरकायला हवा. ताण वाढवायला एक्स्ट्रॅक्टरचं टोक स्लाइडमधल्या त्याच्याच भोकात थोडं घालून अंगठ्याने किंचित वाकवायचा. आणि चेंबरमध्ये राउंड टाकून वर स्लाइड आपटू नका, मॅगझिनमधूनच भरा. उडी मारून आकडा राउंडच्या कडेवर चढवला की ताण गेलाच.

फीड रॅम्प (मॅगझिनमधून राउंड चेंबरकडे चढवणारा उतार) चकचकीत करायचा मोह आवरा. फ्रेमचा उतार ३१.५ अंशांचा असतो, आणि बॅरलची कड त्याच्या अंदाजे १/३२ इंच पुढे असावी लागते. डायमंड डिस्क लावून हे बिघडवलं की २३० ग्रेन वजनाच्या गोळीचे साधे, गोल टोकाचे राउंडसुद्धा अडकतात.

ट्रिगर हलका करायला हॅमरचे आकडे किंवा सिअर घरी घासू नका. जिगशिवाय कोन सांभाळता येत नाही, आणि हॅमर स्लाइडमागोमाग खाली आला तर पिस्तूल भरताना सुटू शकतं. मेनस्प्रिंग (हॅमरची स्प्रिंग) २३ ऐवजी १९ पौंडांची घातली तरी बराच फरक पडतो. सेफ्टी किंवा सिअरला हात लावला असेल तर चाचणी सक्तीची: रिकामं पिस्तूल, हॅमर चढवा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा, मग हॅमर बोटाने अगदी किंचित मागे ओढून कान द्या. बारीक ‘टिक’ आली तर सिअर सरकलेली आहे आणि सेफ्टी नीट बसलेली नाही. हे पिस्तूल भरायचं नाही.

भारतातल्या वाचकांसाठी: शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं किंवा त्यात बदल करणंही गुन्हा आहे. हे सगळं अमेरिकेतलं आहे. तिथेही एच-१बी वर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना येते. कायद्याच्या नजरेत फ्रेम हीच बंदूक, म्हणून ब्लास्टिंगला देताना तिच्यावरचा क्रमांक झाकायला सांगा. तो पुसट झाला तर कारागीर हात झटकतो आणि भानगड मालकाच्या गळ्यात पडते.

सध्या पिस्तुलात बुशिंग, एक्स्ट्रॅक्टर, उंच पातं, १९ पौंडांची मेनस्प्रिंग आणि जाड लाकडी ग्रिप आहेत. फ्रेम न कापलेली, पार्करायझिंग मूळचं. नळी दर वेळी साफ करताना नखाने ओढून बघितली जाते; अजून हललेली नाही.